नवीन टायर बसवताना अलॉय चाकांचं फिनिश गेलं, दुकानदार म्हणतो आधीचंच आहे. भरपाई कोणी द्यायची? मदत हवी आहे

मंडळी नमस्कार. दोन दिवस डोकं शांत नाहीये म्हणून इथे लिहितोय, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

गाडी साडेचार वर्षांची, ४६ हजार किमी झालेत, टायर पार गुळगुळीत झाले होते. २२ सप्टेंबरला टायरवरचा जीएसटी २८ चा १८ होणार कळल्यावर तोवर थांबलो आणि मग चारही नवीन घातले, साइझ २१५/६० आर १७. दुकान सिंहगड रोडचं, नाव मुद्दाम देत नाही. बॅलन्सिंग, अलाइनमेंट सगळं धरून पक्कं बिल आहे. रिम कंपनीचेच आहेत, डायमंड कट, म्हणजे पुढून चकचकीत आणि मधे काळे. ही गाडी घेताना वरचं मॉडेल घेतलं ते निम्मं या चाकांसाठीच, आणि फुटपाथ दिसला की बायको आधी खाली उतरून बघते इतके जपलेत.

शनिवारी संध्याकाळी गेलो तर आधीच तीन गाड्या रांगेत. मालक म्हणाले साहेब तासभर लागेल, चहा घेऊन या. मी गेलो चहाला. परत आलो तेव्हा अंधार पडला होता, बिल दिलं आणि घरी. रविवारी सकाळी चाकं पुसताना फडकं एका जागी अडकलं, म्हणून वाकून बघितलं तर रिमच्या काठाला नखाएवढा ओरखडा आणि आत नवीन स्टीलच्या वाटीसारखा धातू चमकतोय. मग चारही बघितले. डावीकडच्या दोन्ही चाकांना काठावर असेच चार-चार ओरखडे. उजव्या मागच्याला काठाच्या आतून बोटभर लांब गोलाकार रेघ. आणि उजव्या पुढच्याला नटांभोवती लॅकरचे, म्हणजे वरच्या पारदर्शक थराचे, पोपडे उडालेत, खाली पांढरट.

सोमवारी दुकानात गेलो. मालक म्हणतात "साहेब, डावीकडची चाकं आहेत ना, फुटपाथला घासलीत, हे जुनंच आहे." वर भिंतीवरचा बोर्ड दाखवला, गाडी मालकाच्या जबाबदारीवर. मी जास्तच बोलायला लागल्यावर म्हणाले की मग त्या पोराच्या पगारातून कापून देतो. पोरगा अठरा-एकोणीसचा असेल, तिथेच खाली मान घालून उभा. मला ते अजिबात नकोय.

मी आधी फोटो काढले नव्हते. आता सिद्ध कसं करायचं? आणि कायद्याने जबाबदार कोण, दुकान की मी?

प्रतिसाद: करवीर_१७

दादा, मी कोल्हापुरात टायरच्या धंद्यात ११ वर्षं आहे त्यामुळे बोलतोय. आधी एक काम करा, डावीकडच्या चाकाचे ते चार ओरखडे एकमेकांपासून किती लांब आहेत ते दोरीने मोजा. चारही सारख्या अंतरावर निघाले तर विषय संपला. टायर काढायच्या मशीनच्या टेबलाला चार जॉ असतात, त्या चाकाला चार बाजूंनी आवळतात. फुटपाथ असा मोजून चार ठिकाणी घासत नाही, तो घासला की एकाच बाजूला हातभर खरखरीत पट्टा येतो आणि त्यात सिमेंटची भुकटी पण दिसते.

आता तुम्ही म्हणाल जॉ तर खालून धरतात मग ओरखडा पुढच्या काठाला कसा. रिमला मधे एक खोलगट खाच असते, टायर काढताना बीड, म्हणजे टायरची कडक कड, तिच्यात ढकलतात म्हणजे दुसरी बाजू सुटते. बहुतेक चाकांत ती खाच दर्शनी बाजूकडे असते म्हणून चाक तोंड वर करून ठेवतात. काही डिझाइनमध्ये ती आतल्या बाजूला असते, तेव्हा चाक उलटंच ठेवावं लागतं, आणि काही वेळा पोरं घाईत उगाचच उलटं ठेवतात. तेव्हा जॉ थेट तुमच्या चकचकीत काठावर येतात. त्यावर प्लास्टिकच्या टोप्या लावायच्या असतात, शे-दोनशे रुपयांची वस्तू, पण तुटल्या की नवीन आणायचा कंटाळा. मला यात काही माफ करण्यासारखं दिसत नाही, मी स्वतः रोज सकाळी दुकान उघडल्यावर त्या टोप्या बघतो.

उजव्या मागच्याची गोल रेघ म्हणजे मशीनचं डोकं काठाला टेकलं असणार. टेबल फिरतं, डोकं जागेवर असतं, म्हणून रेघ काठाला धरूनच वळते. त्या डोक्यालाही खाली प्लास्टिकचा तुकडा असतो, झिजला की लोखंड लागतं.

पण उजव्या पुढच्या चाकाचं मात्र दुकानदार खरं बोलतोय. लॅकरखाली पांढरं येतं ते आत पाणी शिरून अॅल्युमिनियम खराब झाल्यामुळे, त्याला महिने लागतात. गनने नट काढताना पोपडे पडले असतील, रोग जुना. ताजा ओरखडा चमकतो, जुना मंद पडतो, हे लक्षात ठेवा. ते चाक भांडणातून बाजूला काढा, नाहीतर त्या एकापायी बाकीची तीन पण जातील.

आणि काठाजवळ साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघा. बीड बसते तिथपर्यंत टॉमी, म्हणजे टायर काढायची लोखंडी पट्टी, लागली असेल तर हळूहळू हवा जाते.

प्रतिसाद: वकीलीण_बाई

वरच्या दादांनी तांत्रिक बाजू छान सांगितली, मी कायद्याचं बोलते. दुरुस्तीसाठी वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात दिली की ते करार कायदा १८७२ प्रमाणे निक्षेपात येतं. कलम १५१ सांगतं की शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी ताबा घेणाऱ्याने घ्यायची. म्हणजे ताब्यात असताना नुकसान झालं एवढं तुम्ही दाखवलंत की काळजी घेतली होती हे त्यांनी दाखवायचं. बोर्ड लावून ही जबाबदारी झटकता येत नाही. २०१९ मध्ये हॉटेलच्या व्हॅले पार्किंगमधून गाडी चोरीला गेल्याच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलं, पावतीवर मालकाच्या जबाबदारीवर छापलं म्हणून हॉटेलला स्वतःच्या निष्काळजीपणातून सुटता येत नाही.

पोराने काम केलं तरी तुमचा व्यवहार दुकानाशी, पैसे दुकान देणार. पगारातून कापायची भाषा तुम्ही चालू दिली नाहीत ते बरं केलंत.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये हे सेवेतल्या त्रुटीत बसतं. तक्रारीला दोन वर्षांची मुदत, जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या बिलाला फी नाही, ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या टाकता येते. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरला फोन करा. आणि सगळ्यात आधी मालकांना व्हॉट्सॅपवर लेखी कळवा, फोटो आणि बिलासकट, आजच. तोंडी भांडण चार महिन्यांनी कोणाला आठवत नाही.

प्रतिसाद: मावळकर

इन्शुरन्सच्या नादाला लागू नका. १५०० सीसीपर्यंत पहिले १००० रुपये तुमचेच, त्याच्या वर २०००, आणि नो क्लेम बोनस जातो तो वेगळा. आणि अलीकडे सर्व्हिसिंग झालंय का? सर्व्हिस सेंटरवाले गाडी आत घेताना चारही बाजूंनी फोटो काढतात, जॉब कार्ड मागा.

धागाकर्ता:

सगळ्यांचे मनापासून आभार, इतक्या लवकर इतकी मदत मिळेल असं वाटलं नव्हतं. करवीर दादा, दोरीने मोजलं. दोन्ही डाव्या चाकांना चार ओरखडे, अंतर बरोबर सारखं. हात थरथरत होते मोजताना. साबणाचं पाणी पण लावलं, बुडबुडे नाहीत.

मावळकर, तुमचे तर पाय धरले पाहिजेत. सर्व्हिसिंग ऑगस्टमध्ये झालं होतं, सल्लागाराने फोटो पाठवले, डावी चाकं स्वच्छ दिसतायत. आणि जॉब कार्डावर "उजवं पुढचं अलॉय, लॅकर खराब" असं लिहिलंय, म्हणजे तेवढं माझं जुनंच होतं, मला माहीतच नव्हतं. अजून एक सापडलं. टायर जुने नाहीत ना हे बघायला मी बाजूवरच्या चार आकडी कोडचा फोटो काढला होता, ३२२५, म्हणजे २०२५ चा ३२ वा आठवडा. त्या फोटोत मागे मशीन आलंय आणि जॉ उघड्या, टोप्या नाहीत!

हे सगळं मालकांना पाठवलं. आधी उत्तर नाही. आज सकाळी परत गेलो, पुढच्या चाकाचं तुमचं बरोबर होतं असं मीच आधी सांगितलं, मग दोरी त्यांच्या हातात दिली आणि त्यांनाच मोजायला लावलं. त्यांनी दोनदा मोजलं. तीन चाकांचा खर्च देतो म्हणालेत, पोराचा पगार कापणार नाही हेही लिहून घेतलं. फक्त त्यांच्या ओळखीचा माणूस पॉलिश करून देईल म्हणतायत. चालेल का?

प्रतिसाद: करवीर_१७

पॉलिशला हो म्हणू नका. लॅकर फाटून धातूपर्यंत गेलंय, वरून घासलं तर महिनाभर चमकेल आणि पहिल्या पावसात पुढच्या उजव्यासारखं पांढरं होईल. डायमंड कट परत हवं तर लेथवर कट घेऊन नवीन लॅकर मारायला लागतं, आणि प्रत्येक कटला धातू कमी होतो त्यामुळे हे दोनदा-तीनदाच्या वर करता येत नाही. नाहीतर चारही एकाच रंगात पावडर कोटिंग करून घ्या, रस्त्यांचं बघता मी तेच करेन, चौथ्याचे पैसे तुमचे. कोटेशन तुमच्या पसंतीच्या ठिकाणाहून आणा आणि मालकांना व्हॉट्सॅपवरच पाठवा. काम झाल्यावर नट हाताच्या टॉर्क पान्याने आवळून घ्या, गनने नाही, आणि पन्नास-शंभर किमीनंतर परत एकदा तपासा.