शब्दचर्चा : गव्हाची बिअर करतात, लावतात की गाळतात?

मुक्काम म्युनिक
इथल्या मराठी मित्रमंडळात काहीजणांना घरी बिअर करायचा नाद आहे. आता कृतींची देवाणघेवाण मराठीतूनच करायची असं ठरलंय. सुरुवात माझ्यापासून, म्हणून बव्हेरियातल्या गव्हाच्या बिअरची कृती लिहायला बसलो आणि पहिल्या वाक्यालाच अडलो. क्रियापद कुठलं घ्यायचं? 'करतात' चालेल, पण चहाही करतात आणि पोहेही करतात. 'गाळतात' लिहिलं की वाचणाऱ्याला पोलिसांची धाड दिसते. नावाचंही अडलंय. एकाने 'गव्हाळ बिअर' सुचवलं, ते मला खटकतं, पण का ते धड सांगता येत नाही. माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), मॅश (गरम पाण्यात भिजवलेलं भरडलेलं माल्ट), वर्ट (त्यातून निथळणारं गोड पाणी), यीस्ट हे शब्द तसेच ठेवू की घरचं काही आहे? फर्मेंटेशनला 'किण्वन' छापाचे शब्द मात्र नकोत. वाचून माणसाने पातेलं गॅसवर ठेवलं पाहिजे.

माजघर
'गव्हाळ' खटकतं कारण तो धान्याचा शब्द राहिलेलाच नाही, तो रंग आहे. गव्हाळ वर्ण, नाकीडोळी नीटस, वगैरे. गव्हाळ बिअर म्हटलं तर ती बार्लीचीही असू शकेल. गंमत म्हणजे जर्मन लोकांनीही नाव रंगावरूनच ठेवलंय, पण दुसऱ्या टोकाचं. वाइसबिअर म्हणजे पांढरी बिअर. जुन्या बव्हेरियात रोजची बिअर तपकिरी असायची, तिच्या शेजारी ही फिकी दिसे. तेव्हा सरळ 'गव्हाची बिअर' म्हणा, ज्वारीची भाकरी म्हणतो तसं. 'गव्हाळ' राखून ठेवा, तिथे गडद माल्टची डुंकेल मिळते तिला शोभेल.

पूलगेट
पुण्यातल्या पबांच्या मेन्यूवर 'हेफेवायझन' असतं. बरोबर उच्चार काय?

मुक्काम म्युनिक
'हेफं-वाइचन', आणि त्यातला च 'चमचा'मधला, 'चहा'मधला नव्हे. जर्मन झेडचा उच्चार आपल्या दंत्य च सारखाच होतो. हिंदीवाल्यांना 'त्स' लिहावं लागतं, आपल्याला लागत नाही. दुर्दैवाने लिपीत दोन्ही च सारखेच दिसतात, म्हणून मी 'वाइत्सन' लिहितो. हेफं म्हणजे यीस्ट, वाइत्सन म्हणजे गहू. यीस्ट न गाळता ठेवलेली, म्हणून गढूळ.

तेरेखोलपल्याड
'गाळणे' नको हे बरोबर, पण कारण पोलीस नव्हे. गाळणे म्हणजे भाटीवर चढवून वाफ करायची, ती थंड करून थेंब गोळा करायचे. काजूच्या रसाची पहिली धार उर्राक, पुन्हा गाळली की फेणी. बिअरला भाटी नाही आणि वाफही धरायची नाही, मग गाळणार काय? माडीला आमच्याकडे 'काढणे' म्हणतात, कारण ती झाडावरून काढून आणतात. बिअर झाडावर लागत नाही, तेव्हा तेही बाद.

पूलगेट
पोलीस हे कारणही अगदीच टाकाऊ नाही हं. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे, आणि त्यात बिअर आलीच. मराठीत या कामाला सभ्य क्रियापद नाही याचं अर्धं कारण हेच असावं. जे उघड करताच येत नाही त्याचे शब्द चोरट्या धंद्यातूनच येणार : हातभट्टी लावणे, माल पाडणे. अमेरिकेतही १९७८ चा कायदा येईपर्यंत घरची बिअर बेकायदाच होती. आता तिथे दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलनपर्यंत मुभा आहे, आणि शब्दांचा सुकाळ आहे.

माजघर
मी 'लावणे' सुचवणार होते, तेवढ्यात तुम्ही हातभट्टी लावलीत! पण विचार करा. आपण दही लावतो, कुकर लावतो. काम सुरू करून बाजूला व्हायचं आणि पुढचं त्याचं त्याने व्हायचं, असा त्या क्रियापदाचा भाव आहे. बिअरमध्ये माणसाचं काम एका दिवसाचं, पुढे यीस्टचं. 'शनिवारी वीस लिटर गव्हाची लावली' हे वाक्य मला तरी कानाला बरं वाटतं. सबंध उद्योगाला 'करणे', यीस्ट घालून ठेवण्याला 'लावणे'.

मुक्काम म्युनिक
घेतलं. मग यीस्टचं जे काम चालतं ते काय? 'आंबणे'?

माजघर
इथे जपून. 'बिअर आंबली' हे मराठी माणूस 'नासली' असंच ऐकेल. आंबणे हा शब्दच मुळी आंबट चवीतून आलाय. इडलीचं पीठ, आंबील, ताक, सगळीकडे आंबटपणा येतो, आणि तो हवा असतो. यीस्ट मात्र साखरेचा अल्कोहोल आणि वायू करतं, आंबट करणं हे त्याचं मुख्य काम नाही. बव्हेरियन गव्हाची बिअर आंबट लागली तर काहीतरी बिघडलंय. 'विरजण' शब्दालाही तीच अडचण. ते दुधाचे जिवाणू, वर 'उत्साहावर विरजण पडलं' हेही कानात वाजणार. बर्लिनची जी आंबट गव्हाची बिअर असते, बर्लिनर वाइसं, तिच्यात मात्र दुग्धाम्ल करणारे जिवाणू खरोखर असतात. तिथे विरजण म्हणा, आंबली म्हणा, सगळं शोभेल.

तेरेखोलपल्याड
पाव आंबत नाही, फुगतो. गोव्यात पोदेर, म्हणजे पाववाले, पूर्वी माडी घालून पाव फुगवत, तिला आम्ही 'सूर' म्हणतो. जुन्या 'सुरा' शब्दाचंच रूप. म्हणजे यीस्टला आमच्याकडे वेगळा शब्द लागलाच नाही, ते सुरेतच असायचं.

अडगळीतला कोश
'किण्वन' नको म्हणालात म्हणून बराच वेळ गप्प होतो, पण 'किण्व' सरकारी टेबलावर जन्मलेला नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणात किण्वाची कृतीच दिली आहे : उडदाचं वाटण, कच्चं किंवा शिजवलेलं, त्यात तांदूळ आणि काही वनस्पती. चार्वाकांचा प्रसिद्ध दृष्टांतही यावरच बेतलेला. किण्वादिकांतून जशी मदशक्ती उपजते तसं चार भूतांच्या मेळातून चैतन्य. शब्द जुना आणि नेमक्या कामाचा आहे. तो कोरडा वाटतो, कारण मधली कित्येक शतकं तो स्वयंपाकघरात कुणी बोललंच नाही.

त्याच प्रकरणात मद्यांची नावं आहेत : मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय, मधु. 'प्रसन्ना' पिठापासून करत. संस्कृतात प्रसन्न म्हणजे निवळ, नितळ. पाणी प्रसन्न, तशी सुरा प्रसन्ना.

मुक्काम म्युनिक
कोशसाहेब, हे वाचून मत थोडं बदललं. तरी कृतीत 'किण्व घाला' लिहिलं तर दुकानात जाऊन काय मागायचं ते कुणाला कळणार नाही. यीस्ट ते यीस्टच. पण प्रसन्नेवरून आठवलं : इथे गाळून पारदर्शक केलेल्या गव्हाच्या बिअरला 'क्रिस्टाल' म्हणतात. तिला काय म्हणू?

माजघर
निवळशंख! आणि बाटलीच्या तळाला बसतो तो साका. नाचणी भिजवून वाटून गाळली की तळाला बसतो तसाच. गाळ म्हटलं की नाली आठवते. साका पोटात जाऊ शकतो, गाळ नाही.

मुक्काम म्युनिक
साका एकदम पसंत. इथे बाटलीतली थोडी बिअर शिल्लक ठेवून, बाटली गोल फिरवून, साक्यासकट उरलेली पेल्यात ओततात. 'साका हलवून ओता' हे वाक्य कृतीत जसंच्या तसं जाणार.

धानपट्टा
आमचा जिल्हा भाताचा, म्हणून एका शब्दावर बोलते. गव्हाच्या मॅशमध्ये म्हणे 'राइस हल्स' घालतात. मागे एकाने त्याचं मराठी 'तांदळाचा कोंडा' केलेलं वाचलं. तसं कुणी केलं तर पातेल्यात खळ होईल. भात कांडल्यावर जे राठ, पिवळं टरफल सुटतं ते तूस. तूस निघाल्यावर तांदूळ सडला की जी मऊ, तेलकट पूड पडते तो कोंडा. गव्हाच्या मळणीत उडतं ते भूस. तुम्हाला हवं ते तूस.

मुक्काम म्युनिक
शंभर टक्के तूस. कारणही लिहितो, कारण गव्हाची सगळी डोकेदुखी इथेच आहे. जवाच्या दाण्याला साल चिकटून राहते. भरडल्यावर या सालींचा थर तळाला बसतो आणि त्यातूनच गोड पाणी झिरपून खाली येतं. गव्हाची साल मळणीतच सुटून जाते, म्हणजे गाळण उरत नाही. वर गव्हात प्रथिनं जास्त. फेस दाट येतो तो त्यांच्यामुळेच, आणि मॅश चिकट होऊन तोटी तुंबते तीही त्यांच्यामुळेच. कुरडयांचा चीक ज्यांनी हाटलाय त्यांना जास्त सांगायला नको. मूठ-दोन मुठी तुसं घातली की वाट मोकळी होते.

पूलगेट
बार्लीला 'सातू' का नाही म्हणत? कोशात सातू म्हणजेच बार्ली.

माजघर
कोशात. घरात 'सातूचं पीठ' म्हणजे बहुतेक ठिकाणी भाजलेले गहू आणि डाळं. गव्हाच्या बिअरच्या कृतीत सातू लिहिलंत तर लोक गव्हात गहू घालतील. 'जव' लिहा.

मॅशला कुणी 'घाटा' म्हणेल, तेही नको. घाटा शिजता शिजता दाट होतो. मॅश तासाभराने पातळ आणि गोड होतो, कारण मोडामुळे तयार झालेली विकरं (एन्झाइम्स) पिठाची साखर करत असतात. मॅश राहू दे. वर्टला मात्र माझ्याकडे शब्द आहे : कळण. मोड आलेली मटकी शिजवून वरचं पाणी काढतात ते. दाणा मागे राहतो, सार पाण्यात उतरतं. पुरणाच्या डाळीचा कटही तसाच, पण कळणात मोड आहेत आणि माल्टमध्येही मोडच आहेत.

पूलगेट
कळण म्हटलं की मला लसणाची फोडणी आठवते.

माजघर
मग भूक लागली म्हणा, शब्दाला दोष देऊ नका.

अडगळीतला कोश
बिअरला कडूपणा देणारी हॉपची फुलं टाकून उकळल्यावर ते कळण राहत नाही. वनस्पती उकळून अर्क उतरवला की तो काढा. आधी कळण, मग काढा.

तेरेखोलपल्याड
आणि बेल्जियमची गव्हाची बिअर? तिच्यात धने असतात ना?

मुक्काम म्युनिक
हो, विटबिअर. मोड न आणलेले गहू, धने आणि संत्र्याची साल. हूगार्डन गावात ती बंद पडली होती, पिएर सेलिस यांनी १९६६ मध्ये पुन्हा सुरू केली. बव्हेरियात धने घातले तर लोक घराबाहेर काढतील. तिथल्या १५१६ च्या बिअरविषयीच्या फर्मानात जव, हॉप आणि पाणी एवढंच होतं. गव्हालाही जागा नव्हती, गहू पावासाठी राखायचा. तरी एका सरदार घराण्याला गव्हाच्या बिअरची खास सनद होती. १६०२ मध्ये तो वंश संपला आणि हक्क ड्यूककडे आला. मग दरबाराने त्यावर भरपूर कमाई केली. आता नियम असा, की माल्टमध्ये किमान निम्मा गहू हवाच.

इथे जमलेले शब्द घेऊन कृती लिहिली आहे. बघा वाचता येते का.

*बव्हेरियन पद्धतीची गव्हाची बिअर, २० लिटर*

*साहित्य :* गव्हाचं माल्ट अडीच किलो, जवाचं फिकं पिल्सनर माल्ट २ किलो १०० ग्रॅम, भाताची तुसं दोन मुठी, हालरटाउ हॉप २५ ग्रॅम, गव्हाच्या बिअरचं कोरडं यीस्ट ११ ग्रॅमचं एक पाकीट.

*कृती :* दोन्ही माल्ट जाडसर भरडून घ्या, पीठ करू नका. तुसं मिसळून ४४-४५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवा. या तापमानाला धान्यातून फेरुलिक आम्ल सुटतं आणि पुढे यीस्ट त्यातूनच लवंगेचा वास काढतं. घाई असेल तर ही पायरी गाळा, लवंग कमी येईल एवढंच. मग ६६-६७ अंशांवर तासभर. तोटी थोडी उघडून कळण सावकाश निथळू द्या. चोथ्यावरून गरम पाणी फिरवून उरलेला गोडवा काढून घ्या. चोथा टाकू नका, ओळखीत गाय असेल तर झकास आंबोण होतं. कळण उकळी आणून हॉप टाका आणि तासभर ठेवा. काढा झटकन थंड करून १८ अंशांवर आणा, यीस्ट घालून लावा. घनता (पाण्याची १ धरून) १.०५० च्या आसपास असावी.

दुसऱ्या दिवशी फसफसू लागेल. फेस फार उंच चढतो, म्हणून भांड्यात एक तृतीयांश जागा रिकामी ठेवा. १८-२० अंशांना केळं आणि लवंग दोन्ही येतात. त्याहून गरम खोलीत केळं वरचढ होतं आणि शिकरणाचा वास सुटतो. घनता १.०१२ च्या जवळ येऊन दोन-तीन दिवस हलली नाही की जाड काचेच्या बाटल्यांत लिटरला ८ ते १० ग्रॅम साखर घालून भरा. पातळ बाटल्या फुटतात. इथले जुने लोक साखरेऐवजी थोडा काढा बाजूला काढून ठेवतात आणि तो घालतात. त्याला 'श्पायझं' म्हणतात, म्हणजे खाणं. मी 'खाऊ' म्हणतो. दोन आठवड्यांनी ताजीच प्या, ही मुरवायची बिअर नव्हे. साका हलवून ओता.

धानपट्टा
बिअर पीत नाही, पण सगळं कळलं. 'लावा' ठीक वाटलं.

अडगळीतला कोश
'फसफसू लागेल' उत्तम. किण्वनाचा पराभव मान्य.

माजघर
एक दुरुस्ती. 'उकळी आणून हॉप टाका आणि तासभर ठेवा' हे अपुरं आहे. चहाला उकळी आणतात आणि झाकण ठेवतात, वाचणारा तेच करेल. इथे झाकण नको, कारण पिल्सनर माल्टमधून उकळताना डायमिथाइल सल्फाइड निघतं. ते वाफेबरोबर बाहेर गेलं नाही तर बिअरला उकडलेल्या मक्याचा वास राहतो. 'झाकण न ठेवता तासभर खळखळ उकळा' असं लिहा.

मुक्काम म्युनिक
बदललं. 'खळखळ' ठळक अक्षरांत.