धरणाच्या विसर्गाची बातमी मेट्रिक एककांत कशी द्यावी? (तातडीने मदत हवी आहे)

उपसंपादक_रात्रपाळी:
आमच्याकडे यापुढे सर्व आकडे मेट्रिक एककांतच द्यायचे ठरले आहे. धरणातून 20,000 क्युसेक विसर्ग सुरू आहे, तर हे किती टीएमसी झाले आणि ते दशलक्ष घनमीटरमध्ये कसे लिहावे? पान थोड्याच वेळात सोडायचे आहे, त्यामुळे कृपया थेट आकडा द्यावा.

कालवा_निरीक्षक:
थेट आकडा देता येणार नाही, कारण क्युसेक हा प्रवाहाचा दर आहे (दर सेकंदाला एक घनफूट) आणि टीएमसी हे साठ्याचे आकारमान आहे (एक अब्ज घनफूट). विसर्ग किती वेळ चालला हे कळल्याशिवाय एकाचे दुसऱ्यात रूपांतर होत नाही. शिवाय धरण कोणते?

उपसंपादक_रात्रपाळी:
कोयना, दुसरे कोणते असणार? प्रसिद्धिपत्रकात वेळ दिलेली नाही, केवळ 'दरवाजांतून 20,000 क्युसेक' एवढेच म्हटले आहे.

कृष्णाकाठ:
माझे स्पष्ट मत आहे की हा खटाटोपच करू नये. कोयनेची क्षमता 105.25 टीएमसी आहे, हे कऱ्हाडपासून सांगलीपर्यंत शाळकरी मुलालाही पाठ असते. तिथे 'दलघमी' (दशलक्ष घनमीटर) छापलेत, तर पूर किती येणार हे विचारायला लोक तुमच्याच कार्यालयात दूरध्वनी करतील.

दशमान:
कृष्णाकाठ, हा युक्तिवाद मान्य नाही. मापे प्रमाणित करण्याचा कायदा 1956 मध्येच झाला आणि आपण अजून घनफुटांतच अडकलो आहोत. जायकवाडीचा साठा दलघमीत, कोयनेचा टीएमसीत आणि मुंबईच्या सात तलावांचा दशलक्ष लिटरमध्ये, असे तिन्ही आकडे एकाच पानावर येतात. त्या सातही तलावांची मिळून क्षमता 14,47,363 दशलक्ष लिटर, म्हणजे सुमारे 51 टीएमसी, कोयनेच्या निम्म्याहूनही कमी आहे. पण आकड्यांची लांबी पाहून वाचकाला मुंबईचेच पाणी जास्त वाटते.

पर्जन्यप्रेमी:
पावसाबाबतही लिहावे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर एक लिटर पाणी, हे बातमीत कुणीच सांगत नाही.

कालवा_निरीक्षक:
पावसाचे इथे कुणी विचारलेले नाही. मूळ प्रश्नाकडे वळतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला 28.3 लिटर, त्यामुळे 20,000 क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 566 घनमीटर. मूळ आकडाच ढोबळ असल्याने 566.34 असे दशांश छापू नयेत. हाच विसर्ग पूर्ण 24 तास राहिला, तरच सुमारे 1.73 टीएमसी, म्हणजे साधारण 49 दलघमी पाणी जाईल. तसेच 'क्युसेक प्रतिसेकंद' असे लिहू नये. आता एक सांगा, पायथा वीजगृहातून सोडलेले 2,100 क्युसेक या 20,000 मध्ये धरले आहेत का?

उपसंपादक_रात्रपाळी:
वीजगृहाचा आकडा पत्रकात खाली वेगळा दिला आहे. तो बातमीत घ्यायलाच हवा का?

कालवा_निरीक्षक:
नदीत दोन्ही पाणी येते, म्हणून एकूण 22,100 क्युसेक, म्हणजे सेकंदाला सुमारे 626 घनमीटर असे लिहावे. टीएमसीचा उल्लेख या बातमीत फक्त साठ्यासाठी करावा.

कृष्णाकाठ:
क्युसेक कंसात तरी राहू द्या. आणि सांगलीत आयर्विन पुलाची धोका पातळी 45 फूट आहे, तिचे 13.7 मीटर केलेत, तर पुलावरच्या खुणेशी ताडून पाहणाऱ्या माणसाने काय करावे?

दशमान:
पातळीपुरते मी मान्य करतो. खुणा फुटांत असतील, तर आधी फूट आणि कंसात मीटर द्यावेत. विसर्गाची खूण मात्र कुठल्याही पुलावर रंगवलेली नसते, त्यामुळे तिथे घनमीटर आधी आले तर कुणाचेही बिघडत नाही.

उपसंपादक_रात्रपाळी:
'सेकंदाला सुमारे 626 घनमीटर (22,100 क्युसेक)' असे घेतले आहे. मथळ्यात जागा नाही, तिथे क्युसेकच राहील.