मदत हवी आहे: काकांची वही बंद कशी करू?

नमस्कार मंडळी. रबाळे एमआयडीसीत डिस्पॅचला आहे, एप्रिलपासून सुपरवायझर. रजिस्टर जाऊन बारकोड स्कॅनर आलेत. पोरं आठवड्यात शिकली, अडलंय एका काकांपाशी. 22 वर्षं नोकरी, मला चलन लिहायला त्यांनीच शिकवलं! स्कॅनर ड्रॉवरमध्ये ठेवून वहीतच नोंदी करतात. संध्याकाळी स्टॉक जुळत नाही, माझी ठाणे लोकल चुकते. वरून तंबी आलीय, महिनाअखेर वही दिसता कामा नये. चारचौघांत बोलले तर त्यांचा अपमान, गप्प बसले तर बाकीचे कुरकुरतात. टपरीवर विषय काढला तर म्हणाले, "वही हँग होत नाही, पोरी." (खरंय म्हणा. सोमवारी सर्व्हर बसला तेव्हा त्या वहीवरच गाड्या सुटल्या.) माणूस न दुखावता कुणी हे जमवलंय का? सर्व्हर बंद पडल्यावरच्या नोंदी त्यांच्याकडे सोपवल्या तर?