आरटीएक्स ४०८० सुपर घ्यावे की आरएक्स ७९०० एक्सटीएक्स?

सप्रेम नमस्कार,

नव्या संगणकासाठी एनव्हिडियाचे आरटीएक्स ४०८० सुपर हे ग्राफिक्स कार्ड (खेळांतील चित्रे तयार करणारा भाग) घ्यावे की एएमडीचे आरएक्स ७९०० एक्सटीएक्स, हे माझे काही केल्या ठरत नाही. मॉनिटर ४के आहे, पॉवर सप्लाय ७५० वॉटचा आहे आणि मी प्रामुख्याने कथाप्रधान खेळ खेळतो. एकात १६ जीबी मेमरी आणि दुसऱ्यात २४ जीबी असताना अनेक जण पहिलेच का सुचवतात, हे कृपया कोणी सांगेल का?

नमस्कार,

मेमरीच्या आकड्याला मीही आधी भुललो होतो. खेळाचा डेटा कार्डाच्या मेमरीत मावला नाही, तर तो मुख्य मेमरीतून आणावा लागतो आणि खेळ अडखळतो. परंतु तो मावल्यावर उरलेल्या रिकाम्या जागेमुळे वेग वाढत नाही.

रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचे मार्ग मोजून प्रकाश-सावल्या दाखवणे) बंद ठेवणार असाल, तर ७९०० एक्सटीएक्स तोडीस तोड आहे, काही खेळांत थोडे सरसच. कथाप्रधान खेळांत मात्र प्रकाश, सावल्या आणि ओल्या रस्त्यांवरची प्रतिबिंबे पाहण्याचाच मोह असतो, आणि पाथ ट्रेसिंग (रे ट्रेसिंगचेच अधिक जड रूप) सुरू केले की ७९०० एक्सटीएक्स फारच मागे पडते. शिवाय अशा वेळी ४केवर चित्र कमी रिझोल्यूशनमध्ये तयार करून मोठे करावे लागते. एनव्हिडियाच्या डीएलएसएसमध्ये हे काम प्रशिक्षित न्यूरल नेटवर्क करते, तर एएमडीचे एफएसआर ३ ते हाताने लिहिलेल्या अल्गोरिदमने करते. त्यामुळे जाळीचे कुंपण, केस, गवत अशा बारीक गोष्टी एफएसआर ३ मध्ये अधिक लुकलुकतात. एकदा ते डोळ्यांत भरले की दुर्लक्ष करणे कठीण जाते, निदान मला तरी. फ्रेम जनरेशनच्या (खऱ्या फ्रेम्सच्या मध्ये कृत्रिम फ्रेम घालण्याच्या) मोठ्या आकड्यांवर मात्र दोन्हीकडे विसंबू नका, कारण मधली फ्रेम रचण्यासाठी पुढची खरी फ्रेम रोखून धरावी लागते आणि मूळ वेग कमी असल्यास माउसचा प्रतिसाद जड वाटतो.

४०८० सुपरची कमाल वीज ३२० वॉट असून त्यासाठी ७५० वॉटचा सप्लाय सुचवला आहे. ७९०० एक्सटीएक्ससाठी हेच आकडे ३५५ आणि ८०० आहेत. ४०८० सुपर घेतल्यास त्याचा १६ पिनांचा वीजप्लग पूर्ण आत बसल्याची खात्री करा आणि त्याच्या अगदी जवळ केबल वाकवू नका.

नमस्कार,

रे ट्रेसिंग मी चालू ठेवणारच, तेव्हा ४०८० सुपर. एनव्हिडियाचे स्वतःचे कार्ड ३०४ मिलिमीटर लांब आहे. कॅबिनेटमध्ये मोजून ३१० मिळतात, म्हणून इतर कंपन्यांची लांबलचक मॉडेल्स आपोआपच बाद झाली.