7 वर्षं उभा असलेला जुना पेट्रोल ट्रक मिसिंग करतोय, मदत हवी आहे

वडिलांचा ट्रक आहे, 6 सिलिंडर, कार्ब्युरेटर आणि पॉइंटवाला (स्पार्कसाठी जुन्या पद्धतीचे कॉन्टॅक्ट पॉइंट), परवा चालू झाला तेव्हा खरंच डोळ्यांत पाणी आलं, पण आयडलला एकसारखा मिस मारतोय (एक सिलिंडर नीट पेट घेत नाही) आणि रेस दिली की थोडा सुधारतो. जुनं पेट्रोल वार्निशसारखं वास मारत होतं ते सगळं काढलं, टाकी धुतली, फिल्टर आणि प्लग नवीन, कार्ब्युरेटरचे जेट साफ केले. डिस्ट्रिब्युटरची (प्रत्येक प्लगला स्पार्क वाटणारा भाग) कॅप उघडली तर आतल्या टोकांवर पांढरट बुरशीसारखा थर, तो घासला, पॉइंटपण घासून गॅप लावला, थोडा फरक पडला.

मग चालू इंजिनवर एकेक प्लगची वायर काढून बघितली, 4 नंबरची काढली तरी आवाजात काहीच फरक नाही. स्पार्क तिथे चांगला निळा येतोय. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) बाकीच्यांना 120 psi च्या आसपास, 4 ला फक्त 70. थोडं ऑइल टाकून परत घेतलं तरी 75च, म्हणजे पिस्टन रिंगपेक्षा व्हॉल्व्हचा संशय जास्त येतोय मला, कारण रिंग गळत असत्या तर ऑइलने दाब बराच वाढला असता.

इतकी वर्षं उभं राहून व्हॉल्व्ह गाइडमध्ये (ज्या नळीत तो वरखाली सरकतो) चिकटतो का? हेड न काढता तो मोकळा कसा करायचा, आणि तोवर इंजिन चालवलं तर पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडायला ढकलणारी दांडी) वाकेल का? कुणी स्वतः केलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.