पार्किंगच्या भिंतीवर परत घोडे

पवार काका ए-१०४: सेक्रेटरी, जरा खाली येऊन बघा. माझ्या गाडीमागच्या भिंतीवर कोळशानं चार घोडे काढलेत. दिवाळीत रंग दिलाय, वर्गणी सगळ्यांनी भरलीय. कुणी काढलेत ते सांगायची गरज नाही.

अमोल: काका, पाच आहेत. पाचवा तुमच्या डिकीमागून डोकावतोय 😄

शिंदे काकू: गच्चीची किल्ली कुणाकडे आहे?

सेक्रेटरी: पवारसाहेब, मी कराडला आहे. संध्याकाळी बघतो. तोपर्यंत सर्वांनी संयम ठेवावा 🙏

पवार काका ए-१०४: संयम मागच्या वेळीही ठेवला होता. तेव्हा जिन्यात निघाले होते, आता पार्किंगमध्ये. पुढच्या वेळी लिफ्टमध्ये निघतील.

अमोल: लिफ्ट चालू तरी आहे का?

सेक्रेटरी: लिफ्टचा विषय वेगळा आहे. पार्टची ऑर्डर दिलेली आहे.

मनूची आई बी-३०२: नमस्कार काका. मनू शाळेत आहे. आली की ओल्या फडक्यानं पुसून घेते.

कुलकर्णी सर: ओलं फडकं अजिबात लावू नका! कोळसा पसरेल आणि सगळी भिंत करडी होईल. ताज्या पावाचा मऊ गर घ्या, त्याची गोळी करा आणि नुसतं टिपा, घासू नका. रबर येण्याआधी चित्रकार पावानंच खोडायचे.

अमोल: म्हणजे मिसळ वर, पाव खाली पार्किंगला.

जगताप बी-१०१: चित्राचं सोडा हो. ती पोरगी गच्चीवर कॅमेरा घेऊन तासन्‌तास उभी असते, त्याचं काय? आमच्या बाल्कनीत कपडे वाळत असतात.

शिंदे काकू: तेच म्हणतेय मी. गच्चीची किल्ली कुणाकडे आहे? परवा टाकीचं झाकण उघडं होतं.

मनूची आई बी-३०२: जगतापभाऊ, पलीकडच्या मोकळ्या प्लॉटवर वरातीची घोडी बांधलेली असते, तिचे फोटो काढते ती. मामाचा जुना कॅमेरा आहे. तुमच्या बाल्कनीचा एक तरी फोटो निघाला तर मला दाखवा.

जगताप बी-१०१: घोडीचा विषय निघालाच आहे तर लिदीच्या वासाबद्दल सेक्रेटरींना दोनदा अर्ज दिलाय.

सेक्रेटरी: प्लॉट आपला नाही.

कुलकर्णी सर: मी आत्ता खाली जाऊन बघून आलो. पवारसाहेब, राग बाजूला ठेवून पहिला आणि तिसरा घोडा शेजारी शेजारी बघा. घोड्याच्या मागच्या पायात जो उलटा वाकलेला सांधा दिसतो, त्याला सगळे गुडघा समजतात. ती टाच असते. खरा गुडघा वर, पोटाला लागून. घोडा एकेका बोटावर उभा असतो, खूर म्हणजे त्या बोटाचं नख. पहिल्या घोड्यात पोरीनं गुडघा खाली आणलाय, तिसऱ्यात बरोबर जागी बसवलाय. मधल्या काळात ती त्या घोडीचेच फोटो बघत बसली असणार.

पवार काका ए-१०४: सर, गुडघा कुठंही असो, भिंत सोसायटीची आहे.

कुलकर्णी सर: मान्य. पण थोरामोठ्यांचंही हेच चुकत होतं. पळता घोडा म्हणजे पुढचे पाय पुढं, मागचे मागं, पोट जमिनीलगत, असंच चित्रकार काढायचे. १८७८ साली मायब्रिज नावाच्या फोटोग्राफरनं कॅलिफोर्नियात ओळीनं कॅमेरे लावले. वाटेत आडव्या तारा, घोड्याचा धक्का लागला की शटर पडायचं. तेव्हा दिसलं की चारही पाय हवेत असतात खरे, पण पोटाखाली गोळा झालेले. डोळ्याला ते पकडता येत नाही. म्हणून म्हणतो, कॅमेरा काढून घेऊ नका.

जगताप बी-१०१: *फॉरवर्ड केलेला मेसेज* पुतळ्यातील घोड्याचे दोन पाय वर = योद्ध्याला रणांगणात वीरमरण. एक पाय वर = जखमांमुळे मृत्यू. चारही पाय जमिनीवर = नैसर्गिक मृत्यू. 99% लोकांना माहीत नाही!!

कुलकर्णी सर: कारण तसा नियमच नाही. पुढचे दोन पाय उचलले की सगळं वजन मागच्या दोन पायांवर येतं, म्हणून शिल्पकार बऱ्याचदा शेपूटही खाली टेकवतो. हा तोलाचा हिशेब आहे, मरणाचा नाही.

अमोल: मग पवार काकांच्या गाडीमागचे पाचही घोडे जिवंत आहेत तर.

पवार काका ए-१०४: अमोल, तुझा मेंटेनन्स भरला का?

अमोल: भरतो काका 🙏

शिंदे काकू: किल्ली??

माने आबा: पोरीला घोड्याचं येड आमच्यामुळं लागलं. वारीत चांदोबाच्या लिंबाला उभ्या रिंगणाला नेलं होतं. वारकरी दुतर्फा उभं राहिलं, मधनं अश्व सुटलं. माउलींच्या अश्वावर कुणी बसत नाही, मोकळाच पळतो. लोकं टापांखालची माती कपाळाला लावत होती आन् ही गुडघ्यावर बसून फोटो काढतीय. घरी येऊन बघतोय तर सगळं हललेलं. एका फोटूत नुसती शेपटी. रडली लय.

कुलकर्णी सर: आबा, चित्रकार एम. एफ. हुसेन पंढरपूरचेच. जन्मभर घोडे रंगवले त्यांनी. तिला सांगा, शटर एक हजारांश सेकंदावर ठेवायचं.

पवार काका ए-१०४: पंढरपूर, कॅलिफोर्निया सगळं फिरून झालं. भिंतीचं काय? परत सांगतो, दिवाळीत रंग दिलाय, वर्गणी सगळ्यांनी भरलीय.

मनूची आई बी-३०२: गणपतीत मखराचा पडदा तिनंच रंगवला होता ना काका? रात्री दोनपर्यंत बसली होती. रंगाचे पैसे आम्हीच घातले. तेव्हा याच ग्रुपवर तुमचे तीन अंगठे आले होते. तेव्हा गुणी, आता ‘कुणी काढलेत ते सांगायची गरज नाही’.

जाधव वहिनी: हा मेसेज डिलीट करण्यात आला

अमोल: वहिनी, मी वाचला 😄

सेक्रेटरी: भिंत सामाईक आहे. माझ्या मते चित्र पुसावं, पण मीटरच्या खोलीशेजारची रंग न दिलेली भिंत मुलीला द्यावी. हरकत असल्यास मीटिंगला यावे. एरवी मीटिंगला चौघंच येतात.

मनूची आई बी-३०२: मनू लिहितेय. पवार काका सॉरी. कागद लहान पडतो. पळणारा घोडा काढला की पाय कागदाबाहेर जातात. चार आत्ता पुसते. पाचव्याची फक्त मान राहिलीय, ती उद्या पुसली तर चालेल का? त्याचा फोटो काढायचाय, दुपारी तिथं उजेड चांगला येतो.

पवार काका ए-१०४: उद्या दुपारी गाडी बाहेर काढून ठेवतो. दोन वाजेपर्यंतच.

शिंदे काकू: किल्ली मीटरच्या खोलीत खिळ्याला सापडली. झाकण कुणी उघडलं ते सांगा आता.

पवार काका ए-१०४: मनूच्या आई, एक विचारायचं होतं. रविवारी पुतण्याची वरात आहे, घोडी तीच पलीकडची. मनू फोटो काढेल का? फोटोग्राफर सांगितलाय, पण घोडीबरोबरचे हिचे चांगले येतील.

मनूची आई बी-३०२: सोमवारी तिची घटक चाचणी आहे काका. विचारून सांगते. आणि या वेळी खर्च कुणाचा, तेही आधीच ठरवू.