‘निवडलेले पात्र’ : हे पात्र कोणतं?

प्रश्न
रविवारी उपासनेत बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा अध्याय ९ वाचला. दिमिष्कात (दमास्कसमध्ये) प्रभू हनन्या नावाच्या शिष्याला शौलाविषयी, म्हणजे पुढच्या प्रेषित पौलाविषयी, सांगतो, तो माझे निवडलेले पात्र आहे. नंतर मंडळीतल्या एका कॉलेजच्या मुलीने मला विचारलं, “काका, कालपर्यंत विश्वासणाऱ्यांना बांधून नेणारा माणूस पात्र कसा?” मला धड उत्तर देता आलं नाही. इथे अर्थ ‘लायक’ असाच घ्यायचा ना?

उत्तर
नाही, आणि पुरावा त्याच वाक्यात आहे. ‘निवडलेले’ हे नपुंसकलिंगी रूप बघा. इथे पात्र हे नाम आहे, म्हणजे भांडं. लायक म्हणायचं असतं तर ‘तो निवडीस पात्र आहे’ असं झालं असतं. मूळ ग्रीक शब्द स्केउओस. भांडं, अवजार, घरातली कुठलीही वापरायची वस्तू, सगळ्याला तो चालतो. याच पुस्तकाच्या २७व्या अध्यायात वादळात जहाजाचं जे सामान खाली सोडतात, तिथेही हाच शब्द आहे.

आपल्याकडे पात्र आला संस्कृतातून. ‘पा’ म्हणजे पिणे, त्याला ‘त्र’ हा साधनवाचक प्रत्यय. ज्यातून प्यायचं ते पात्र. पुढे दान ज्याच्या पदरात पडायचं तो माणूसही पात्र झाला, म्हणून सत्पात्री दान. ‘लायक’ हा अर्थ त्या वाटेने आला. त्या मुलीच्या कानावर आधी तोच पडला, त्यात तिची चूक नाही.

आणखी एक, वसईहून
आमच्या मिस्सात (कॅथलिक उपासनेत) ख्रिस्तशरीर स्वीकारण्याआधी सगळे बायबलमधल्या शताधिपतीच्या, म्हणजे शंभर शिपायांवरच्या रोमन अधिकाऱ्याच्या, शब्दांत कबूल करतात की प्रभू, तू माझ्याकडे यावंस अशी माझी योग्यता नाही. आणि लगेच पुढे जाऊन स्वीकारतात! लायकी नाही म्हणायचं आणि भांडं व्हायचं, दोन्ही एका दमात. मी लहानपणापासून हे म्हणत आलोय, पण ‘पात्र’चे दोन अर्थ असे शेजारी ठेवून कधी पाहिले नव्हते.

नगरकडून
नदीचं पात्रही विसरू नका. ग्रीकमध्ये ही छटा नाही, हे मान्य. पण शौलाला निवडलं ते ‘नाव घेऊन जाण्याकरता’, नुसतं साठवायला नव्हे. उन्हाळ्यात कोरडी पडलेली पात्रं आम्ही दरवर्षी बघतो, पाणी पात्राचं नसतं हे आम्हाला वेगळं सांगावं लागत नाही. प्रार्थनेत आपण “प्रभू, मला वापर” म्हणतो. बाहेरच्यांना ते खटकतं, कारण एरवी मराठीत ‘वापरून घेतलं’ ही तक्रार असते. मागे भांड्याची कल्पना आहे हे कळलं की खटकत नाही.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. काल रात्री २ करिंथ ४:७ (पौलाचं करिंथकरांना दुसरं पत्र) काढून पाहिलं. ‘मातीची भांडी’ लिहिताना पौलाने स्वतःसाठी तोच स्केउओस वापरलाय, आणि सामर्थ्य आमचं नव्हे, देवाचं आहे हे दिसावं म्हणून माती, असं तिथेच म्हटलंय. मुलीला हे सांगणारच. पण हनन्याबद्दलही सांगेन. त्याला त्या अध्यायात कुणी पात्र म्हटलेलं नाही. तो आधी घाबरला, शौलाची दुष्कृत्यं प्रभूलाच ऐकवली, आणि मग ‘नीट’ नावाच्या रस्त्यावरच्या घरात जाऊन त्या आंधळ्या झालेल्या माणसावर हात ठेवून म्हणाला, “शौल भाऊ.”